एकोणपन्नास इंचांचा उशीर

अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका टीव्हीच्या दुकानदाराने मला फसवलं. त्याचं नाव मी लिहीत नाही. हे त्याच्या वाचनात आलं तर त्याला कळेल. भावात त्याने मला फसवलं नाही, तेवढी त्याची टाप नव्हती. एकोणपन्नास इंचांचा चपटा टीव्ही त्या हंगामात त्या भावात अकोल्यातून कुणी नेला नसेल, हे मी आजही कुणाहीसमोर सांगायला तयार आहे. फसवणूक दुसऱ्या जागी झाली. ती माझ्या खिशाला लागली नाही. माझ्या मुलीच्या अंगठ्याला लागली आणि त्यापायी तिचं एक वर्ष गेलं.

यंदाचं सोयाबीन निघायला लागलं आहे. अमरावतीत, राजापेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तरी कळतं. चांदूर रेल्वेकडून येणाऱ्या ट्रॉल्यांना कुटाराचा, मळणीतल्या भुशाचा, चुरा चिकटलेला असतो. तो उडतो, दुकानांच्या काचांवर बसतो, मानेत खाजतो. त्याच काचांवर दुकानदार दिवाळीच्या सवलतींचे कागद चिकटवत असतात. क्लासला निघालेल्या पोरी तोंडाला दुपट्टे गुंडाळून स्कूट्या काढतात. हा वास बाकीच्यांना सुगीचा वाटतो. माझा मात्र जबडा आवळला जातो.

त्यात गेल्या आठवड्यात तो टीव्ही बंद पडला. आठ वर्षं चालला, मग एका दुपारी पडद्याचा उजवा भाग काळा झाला. सुनंदा, माझी बायको, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, ''पल्लवी येऊन राहिली दिवाळीले. तिलेच घेऊन जा न दुकानात.'' ती पुढे म्हणाली, ''अन् या वक्ती तिले बोलू द्या.''

तेव्हापासून मला नीट झोप नाही.

आधी मी कोण ते सांगतो. चांदूर रेल्वेपलीकडच्या एका खेड्यातला मी. पंधराव्या वर्षी बैलबाजारात दुसऱ्यांची जनावरं धरून उभा राहायला लागलो. कासरा धरता धरता कान उघडे ठेवले, विशीत दलाल झालो, चाळिशीत राजापेठेत स्वतःचं दुमजली घर बांधलं. मला कुणी हात धरून शिकवलं नाही. चढा आवाजही मी बाजारातूनच उचलला, कारण तिथे हळू बोलणाऱ्याची जोडी संध्याकाळपर्यंत खुंट्यालाच राहायची.

मग ती वर्षं आली. कपाशी दगा देऊ लागली, सोयाबीन ऐन सोंगणीत, कापणीच्या वेळी, भिजू लागलं आणि बाजारात घेणाऱ्यांपेक्षा विकणारे जास्त दिसू लागले. बैलजोडी ठेवणं परवडेना. आठ दिवसांपूर्वी दहा जणांना जोडी विकत नाही म्हणालेला माणूस स्वतः दावं हातात घेऊन यायचा आणि माझ्याकडे न बघता बोलायचा. मी जुन्या ट्रॅक्टरांच्या दलालीत शिरलो. लोक ट्रॅक्टरही विकतच होते. वाईट वर्षांत दलालाचं बरं चालतं, हे कुणी तोंडावर म्हटलेलं मी खपवून घेत नाही. पण ते खरं आहे आणि मी ते इथे लिहितो.

बाजाराचे दोन कायदे माझ्या हाडात मुरले आहेत. पहिला घेणाऱ्याचा: जनावर कशासाठी पाहिजे ते विकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. वखराला पाहिजे म्हटलं की तो खांदा दाखवतो, गाडीला पाहिजे म्हटलं की पाय दाखवतो, आणि दोन्ही वेळा भाव वाढवतो. दुसरा विकणाऱ्याचा: विचारल्याशिवाय खोड सांगायची नाही. जू खांद्यावर आलं की खाली बसणारा बैल असला तरी, समोरच्याने 'बसतो का?' असं विचारेपर्यंत तोंड उघडायचं नाही. विचारलं तर मात्र खोटं बोलायचं नाही. या दोन कायद्यांवर मी घर बांधलं.

माझ्या एकुलत्या मुलीला, पल्लवीला, गेमचं वेड होतं. वेड हा शब्द माझा. ती त्याला खेळ म्हणायची. क्लास सोडून गावी परतणाऱ्या एका मुलाकडून तिने जुना गेमचा डबा घेतला होता, तो आमच्या जाड काचेच्या, पोट सुटलेल्या जुन्या टीव्हीला जोडला होता. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर उभी राहून मारामारी करत. समोरच्याचा हात उठला की त्याच क्षणी बटण दाबायचं, म्हणजे वार अडतो. आधी दाबलं तर आपण उघडे पडतो, नंतर दाबलं तर मार बसतो. मी जेवताना ते बघायचो. तिच्या बोटांचा आवाज पातेल्यावर पडणाऱ्या पहिल्या थेंबांसारखा यायचा, आणि ती हरायची नाही. कॉलेजची पोरं रविवारी घरी येऊन हरून जायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण हरलेल्या माणसाचं तोंड मला ओळखता येतं.

बारावीनंतर डॉक्टरकीच्या परीक्षेत तिला मार्क कमी पडले. मी म्हटलं, क्लासला आणखी एक वर्ष बस. ती नाही म्हणाली. महिनाभर घरात भांडी आपटली गेली, ती मीच आपटली. मग एका सकाळी ती एक कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. पुण्याची एक कंपनी गेम खेळणाऱ्यांचा संघ उभा करत होती. राहणं, खाणं आणि दरमहा पगार. निवड नागपूरला, दिवाळीनंतर.

''पप्पा, बोली करू,'' ती म्हणाली. ''माझी निवड झाली तर क्लासचं नाव काढायचं नाही. नाही झाली तर दुसऱ्या दिवशी क्लासला जाऊन बसते, एक शब्द बोलत नाही.''

माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारं घरात ते पहिलं माणूस. मी हात पुढे केला. तिचा तळवा ओला होता.

नागपूरला मोठ्या चपट्या पडद्यांवर खेळायचं होतं, म्हणून तसाच सराव हवा, असं ती म्हणाली. मी म्हटलं, घेऊ. आपली पोर पैजेवर चालली आहे आणि तिला पोट सुटलेला टीव्ही? तिने चार दिवस बसून कागदावर यादी केली. मी आखून दिलेल्या रकमेत कोणकोणते टीव्ही बसतात, कुणाचा पडदा किती. एका ओळीखाली तिने दोनदा रेघ मारली होती. मी विचारलं, हे काय. तिने समजावलं, की काही टीव्हींत बटण दाबल्यावर चित्र हलायला उशीर लागतो. सिनेमा बघताना कळत नाही, गेमला मात्र तोच टीव्ही निकामी. ''इंच कमी चालतील पप्पा, हा उशीर नको.''

मी कागद घडी घालून खिशात ठेवला. ''पाहू,'' म्हटलं. ''पन तिथं तू बोलायचं नाई.''

''कावून?''

''गेमसाठी पायजे हे समजलं की तो भाव चढवते.''

अमरावतीत सगळे मला ओळखत होते आणि माझ्या मुलीच्या खेळालाही. ज्या गावात आपली गरज ठाऊक आहे तिथे खरेदी करायची नाही, म्हणून आम्ही बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेलो. खिडकीबाहेर सोंगून टाकलेलं सोयाबीन पडलेलं होतं. दोन दिवसांपूर्वी त्यावर पाऊस येऊन गेला होता. शेंगा काळ्या पडत होत्या आणि बायका ढीग उलटेपालटे करत होत्या. डब्यात कुणी फारसं बोलत नव्हतं. मी मनात हिशेब मांडत होतो की असं वर्ष आहे, दुकानात गिऱ्हाईक नसणार, दुकानदार नरम असणार. समोरच्या बाकावर पल्लवी मांडीवर हात ठेवून बसली होती आणि तिचे अंगठे हवेत हलत होते. त्या डब्यात बसून मी दुसऱ्याच्या भिजलेल्या मालावर माझी खरेदी स्वस्त करत होतो, हे मला कळत होतं. ते कळूनही मला बरं वाटत होतं.

जठारपेठेतलं ते दुकान रिकामंच होतं. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच मोर नाचत होता. मग एकाच वेळी सगळीकडे समुद्रातले मासे आले. रंग इतके की डोळे दिपावेत. दुकानदार माझ्याच वयाचा, सावकाश बोलणारा. त्याने पाणी मागवलं आणि पहिला प्रश्न विचारला, ''कशासाठी पायजे भाऊ?''

''पाहासाठी.''

तो हसला. मी टीव्ही पाहू लागलो. बैल पाहतो तसाच: आधी लांबून, मग दोन्ही बाजूंनी तिरकं, मग जवळ जाऊन पाठीवर हात ठेवून, तापतो का ते. कोपऱ्यातून बघितलं तर चेहरे काळवंडतात का, ते पाहिलं. कड दाबून पाहिली. आवाज पूर्ण वाढवायला लावला. हे सगळं बरोबरच होतं, आजही मी असंच करीन. पल्लवी मात्र टीव्हींच्या मागे गेली होती. वाकून मागची भोकं आणि बारीक अक्षरं वाचत होती. माझ्या लक्षात आलं की दुकानदार माझ्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघतो आहे.

''घरी कोन कोन पाहाते टीव्ही?'' त्याने दुसऱ्यांदा विचारलं.

''घरचेच पाहातीन न. शेजाऱ्याईसाठी घेऊन राहिलो का?''

''तसं नाई भाऊ. कामाप्रमानं माल दाखवता येते.''

पल्लवी मागून पुढे आली. ''काका, याच्यात गेम...''

मी तिच्या पायावर पाय दिला. हलकेच नाही.

''म्हातारी हाये घरी,'' मी म्हटलं. ''माझी माय. तिले भजन-कीर्तन पाहाले पायजे. डोळे गेले तिचे, म्हनून मोठा पडदा.''

माझी आई जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. ती आजीच्या मांडीवर वाढलेली पोर. मग तिने नजर खाली घातली आणि परत काही विचारलं नाही.

दुकानदाराने त्रेचाळीस इंचांचा एक टीव्ही पुढे ओढला. ''हा घ्या. याचा भाव अन् त्या एकोनपन्नासचा भाव जवळपास एकच हाये. पन हा चपळ हाये.''

टीव्हीला चपळ म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. विकणारा जे जनावर पुढे ढकलतो ते त्याला घालवायचं असतं, हे मला विसाव्या वर्षापासून ठाऊक होतं. त्याच भावात सहा इंच कमी? मी त्या टीव्हीकडे पाठ केली आणि एकोणपन्नासच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. ''याचं बोला.''

त्याने तिसऱ्यांदा विचारलं, ''नक्की फक्त पाहासाठीच न?''

''एकदा सांगितलं न बापा.''

मग भाव सुरू झाला. अर्धा तास. मी दोनदा दुकानाबाहेर गेलो, दोनदा त्याने हाक मारली. शेवटी सवयीने माझा हात खांद्यावरच्या दस्तीकडे गेला. बाजारात सौदा उघड बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगतात, भोवतीच्यांना कळू नये म्हणून. टीव्हीच्या दुकानात हे काय, असं मनात येईपर्यंत माझी दस्ती पसरलेली होती आणि त्याचा हात तिच्याखाली आला होता. त्याने माझी बोटं अचूक धरली. पहिल्या झटक्यात हजार, दुसऱ्यात शेकडा.

''कुठचे तुमी?'' मी विचारलं.

''बाबा मूर्तिजापूरच्या बाजारात होते. मीबी होतो, लग्न होईस्तोवर.''

मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी बरोबरीचा माणूस भेटला म्हणून मी खुश झालो. खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं, कारण दोन्ही कायदे त्यालाही पाठ होते. मी शेवटचं बोट दाबलं आणि तो हार मानल्यासारखा श्वास सोडून म्हणाला, ''न्या.''

एक ओळखीचा मालवाहू गाडीवाला अकोल्याहून रिकामा परतत होता. त्याच्या हौद्यात गादी टाकली, खोकं उभं केलं आणि एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने पल्लवी, असे आम्ही ते धरून बसलो. पडदा आडवा ठेवायचा नाही असं दुकानदाराने बजावलं होतं. रस्त्याकडेला मळणी यंत्रं धडधडत होती, धुळीचे लोट अंगावर येत होते. मूर्तिजापूरला चहा घेतला तेव्हा आमच्या दोघांच्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या. मी तिला भाव कसा उतरवला ते सांगत होतो. दोनदा सांगितलं.

''खुश?'' मी विचारलं.

''हो पप्पा.''

घरी आल्यावर गल्ली गोळा झाली. भिंतीवर टीव्ही चढला. शेजारीपाजारी किंमत विचारत होते आणि मी आधी त्यांना ओळखायला लावत होतो. पल्लवीने डबा जोडला, खाली बसली, बटण दाबलं. तिचा चेहरा मी पाहिला होता. मी चेहरे पाहणाराच माणूस. ती थबकली. परत दाबलं. परत थबकली. मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभा राहून शेजाऱ्याला म्हणत होतो, ''टीव्ही असा घ्याव लागते.''

''कसा हाये?'' मी तिला विचारलं, सगळ्यांसमोर.

''मस्त आहे,'' ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस घरात कुणी मोठ्याने श्वास घेत नव्हतं. पणत्या लागल्या, विझल्या. फराळ झाला. ती सकाळी सहाला बसायची. सुरुवातीच्या आठवड्यात ती हरत होती. कॉलेजची पोरं जिंकून जाऊ लागली. मला वाटलं, मोठ्या पडद्याची सवय नाही. मग हळूहळू ती परत जिंकू लागली. सुनंदा दूध ठेवून जायची, त्यावर साय धरायची. मी बाहेर ट्रॅक्टरांचे सौदे करायचो, लोकांवर खेकसायचो आणि घरात शिरताना चपला हातात घ्यायचो. निवड झाली तर पोर दूर जाणार आणि नाही झाली तर घरात मुकी बसणार. दोन्हीतलं काय मला हवं होतं, हे मी स्वतःला विचारलं नाही.

नागपूरला एका कॉलेजच्या सभागृहात निवड होती. दीडशे-दोनशे पोरं, त्यात मुली चारच. भिंतीला लागून मी उभा. तिचं नाव पुकारलं. ती बसली, केस मागे बांधले. समोर चपटा पडदा, आमच्यापेक्षा लहानच. पहिली फेरी दीड मिनिटात संपली आणि ती हरली होती. तिने हातातलं यंत्र डोळ्यांजवळ धरून पाहिलं, जणू त्यात काही मोडलं आहे. दुसरी फेरी त्याहून लवकर संपली. दोन हार म्हणजे बाहेर. ती उठली तेव्हा समोरचा मुलगा तिला म्हणाला, ''दीदी, तू आधीच दाबते.''

परतीच्या गाडीत ती एकदाच बोलली. ''सोमवारपासून क्लास,'' ती म्हणाली. मी म्हटलं, ''बोली म्हणजे बोली.'' हे वाक्य मी म्हटलं. माझ्या आयुष्यात मी अनेकांना अनेक शब्द सुनावले आहेत, पण जे परत घ्यावेसे वाटतात त्यांत हे पहिलं.

ती क्लासला जाऊ लागली. एक शब्द बोलली नाही. बोलीत तसंच ठरलं होतं. डबा कपाटावर गेला. संध्याकाळी मी बातम्या लावायचो, आणि बातम्यांत भिजलेला माल, उतरलेले भाव. एकोणपन्नास इंचांत ते सगळं फार मोठं दिसायचं.

होळीच्या सुमारास एका रविवारी मला तो बोटांचा आवाज आठवला. मी स्वतःच कपाटावरून डबा काढला आणि तिला म्हटलं, ''एक डाव खेळून दाखव. माझ्यासाठी.'' ती नको म्हणाली. मग बसली. मी या वेळी पडद्याकडे पाहिलं नाही. लंगडणारा बैल पाहताना मी त्याच्या तोंडाकडे पाहत नाही, पायांकडे पाहतो. तसा मी तिच्या अंगठ्याकडे पाहत होतो. पाच मिनिटांत मला दिसलं. समोरच्याचा हात उठण्याआधी तिचा अंगठा दबत होता. प्रत्येक वेळी. आणि तरी वार अडत होता.

''तू आधीच कावून दाबतेस?''

ती खेळत राहिली. ''आपला टीव्ही उशिरा दाखवते पप्पा. मी दाबल्यावर मग त्याच्यात होते. म्हनून उशीर धरून आधी दाबाव लागते.''

''अन् नागपूरचा?''

''तिथला बरोबर होता.''

मी खाली बसलो. ''म्हणजे तू इथं चुकीचं शिकली.''

''दीड महिना,'' ती म्हणाली. ''अंगठ्याले समजत नाई पप्पा, टीव्ही बदलला म्हनून.''

''हे तुले कधी समजलं? उशीर हाये म्हनून?''

''पहिल्याच दिवशी.''

''अन् मले सांगितलं कावून नाई?'' माझा आवाज चढला होता. तिने बटणं थांबवली आणि पडद्यावरचा तिचा माणूस मार खात राहिला. उत्तर सुनंदाने दिलं, स्वयंपाकघरातून, हळू. ''तुमाले कोन सांगन?''

दुसऱ्या दिवशी मी अकोल्यात होतो. एकटा. दुकानात शिरताच मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. रस्त्यावरचे चार लोक आत आले. तो शांतपणे गल्ल्यावर बसून ऐकत राहिला. माझा दम संपल्यावर म्हणाला, ''झालं? बसा. तीनदा इचारलं होतं भाऊ तुमाले. तुमी मायचं नाव सांगितलं.''

''तुले दिसत नव्हतं? पोरगी मागची भोकं पाहून राहिली होती. म्हातारीच्या भजनाले कोन भोकं पाहाते?''

''दिसलं होतं.''

''गेमसाठी पायजे हे समजलं होतं?''

त्याने गल्ल्याचा खण लावला. मग बाजाराच्या दुसऱ्या कायद्याप्रमाणे, विचारल्यावर, खरं बोलला. ''समजलं होतं. तो दुसरा चपळ हाये, हे सांगितलं होतं मी. तुमी इचारलं नाई, कशानं चपळ. अन् मंग तुमी मले भावात असं दाबलं, की माझ्या तोंडातून अजून एक शब्द निघाला नाई. तुमी बाजाराचा कायदा लावला. मीबी लावला.''

''टीव्ही वापस घे.''

''घेतो,'' तो म्हणाला. ''तिचं नागपूर वापस येईन का?''

मी त्याच्यावर हात उचलला नाही, याचं श्रेय मला द्यायला हरकत नाही. पुण्याचा संघ तोवर भरला होता. फोन करून मी विचारलं होतं. टीव्ही मी परत दिला नाही. भिंतीवरच ठेवला. रोज दिसावा म्हणून ठेवला असं मी सुनंदाला सांगितलं, पण तितक्या भावात दुसरा मिळणार नव्हता, हेही मनात होतं.

पल्लवी आता नागपुरात दातांच्या दवाखान्यात काम करते. क्लासचं ते वर्ष वाया गेलं असं कुणी म्हणणार नाही. नातेवाईक म्हणतात, बघा, तुमचंच बरोबर ठरलं, गेमच्या नादाने पोरगी कुठे गेली असती. मी मान हलवतो. कुठे गेली असती, हेच तर मला माहीत नाही. पुण्यात सहा महिन्यांत हरून परत आली असती, तर तो तिचा स्वतःचा पराभव असता. नागपूरला ती हरली नाही. तिथे आम्ही दोघांनी तिला हरवलं, एक अमरावतीचा आणि एक अकोल्याचा. परवा फोनवर मी विचारलं, बेटा, नोकरी कशी आहे. ती म्हणाली, ''मस्त आहे पप्पा.'' तो शब्द, तोच सूर. मी फोन ठेवला आणि गल्लीत जाऊन उभा राहिलो. कुटार उडत होतं.

माझा राग कमी झालेला नाही, तो फक्त वाटून गेला आहे. मुलीने मला काही न सांगण्याइतकी माझी भीती तिच्या मनात कुणी घातली, हे मला कळतं. पण त्याने जठारपेठेतला माणूस सुटत नाही. माझ्या पोरीची भीती माझ्या आवाजाची होती. तुम्हाला कशाची भीती होती, शेठ? तुम्ही तिला वाकून अक्षरं वाचताना पाहिलं. तिच्या पायावर माझा पाय पडताना पाहिला. माझ्याशी सौदा करा, मला बुडवा, माझं काही म्हणणं नाही. मीही आयुष्यभर तेच केलं. पण ती सौद्यात नव्हती. तिने तर प्रश्न विचारला होता. अर्धाच विचारता आला तिला, पण विचारला होता, आणि विचारल्यावर सांगायचं असतं, हा कायदा तुमच्या बाबांनीही तुम्हाला शिकवलाच असेल.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी तिला घेऊन तुमच्या दुकानात येणार आहे. टीव्ही घ्यायचा की नाही, कुठला, कशासाठी, ते ती बोलेल. मी दारात थांबेन. माझ्या वाट्याचा जबाब मी तिला गाडीतच दिलेला असेल, अकोला यायच्या आत, तेवढा शब्द मी स्वतःला दिला आहे. तुमच्या वाट्याचा तुम्ही तयार ठेवा. ओळखूनही गप्प का बसलात, ते तिच्याकडे बघून सांगा. मला नको. तिला.